पाखरे टिपण्याचा छंद

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. अंगणात सांडलेले दाणे चिमणी टिपते. फांदीवरच्या पाखराला नेमबाज टिपतो. सांडलेली शाई टीपकागद टिपतो आणि गुरुजींच्या तोंडचे महत्त्वाचे शब्द विद्यार्थी वहीत टिपून घेतो. या जुन्या कुटुंबात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आणखी एका अर्थाची भर पडली आहे. छायाचित्रकार कॅमेऱ्याने पाखरू टिपतो. नेमबाजाने टिपलेले पाखरू खाली पडते. छायाचित्रकाराने टिपलेले पाखरू, त्याने आपले काम नीट केले असेल तर, काही न कळल्यासारखे दाणे टिपीत राहते.

पूर्वी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यालाही बंदूक बाळगावी लागे. पक्षी दिसला न दिसला तोच उडून जातो; मग त्याची चोच, पाय आणि पिसे नीट पाहायची कशी? म्हणून तो मारीत आणि त्याच्या कातड्यात कापूस भरून संग्रहालयाच्या खणात जपून ठेवीत. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचा या शास्त्रात प्रवेश झाला तो असाच. लहानपणी त्यांनी छर्ऱ्यांच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे त्या वेळचे मानद सचिव मिलार्ड यांनी चिमणीची ओळख तर पटविलीच, शिवाय कपाटांचे खण ओढून त्या मुलाला संग्रहातील कितीतरी पक्षी दाखविले. पुढे त्या मुलाने सारे आयुष्य पक्ष्यांच्या मागे घालविले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोन भाऊ निराळ्या वाटेने चालले होते. खेड्यात वाढलेल्या या भावांनी १८९२ साली अंडी असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ साली त्यांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघाले. त्यातील चित्रे हाताने काढलेली नव्हती, रानात जाऊन घेतलेली छायाचित्रे होती. त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली लाकडी पेटी, आणि फिल्मच्या जागी काचेच्या पट्ट्या. एवढे ओझे घेऊन माणूस पुढे सरकला की पाखरे भुर्रकन उडत. तेव्हा या भावांनी एक नामी युक्ती योजिली. त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार करविला. छायाचित्रकार कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरे आणि कुरणात तासन्‌तास उभा राही. पाखरांना वाटे, बैल चरतो आहे!

या युक्तीचे बिडकीनच्या शेतकऱ्याला फारसे नवल वाटणार नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत बिडकीन हे मोठे गाव लागते. आजूबाजूला कापूस, तूर आणि बाजरीची शेते, मधूनमधून मुरमाड माळ. शेतात औत चालू लागले की त्याच्या मागे गायबगळ्यांची रांग चालू लागते. मातीबरोबर वर येणारे किडे त्यांना आयते मिळतात. साळुंक्या येतात, कोतवाल येतो. औत धरणारा हातभर अंतरावर असला तरी बगळा मान वर करीत नाही. आता बैलांची जागा पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे. त्याच्या घरघराटालाही बगळे सरावले आहेत. पण तोच माणूस औत सोडून रिकाम्या हातांनी सरळ त्यांच्या रोखाने चालू लागला, की सारी रांग उडते. आपल्या कामात गढलेल्या माणसाला पाखरे भीत नाहीत, त्यांच्यावर डोळा ठेवून येणाऱ्याला भितात. कीर्टन बंधूंना कातड्याचा बैल करून जे साधले, ते या शेतकऱ्याला रोज फुकट मिळते.

म्हणून या छंदात पहिला धडा कॅमेऱ्याचा नसतो, बसण्याचा असतो. सूर्य उगवण्यापूर्वी बांधाच्या आडोशाला, बाभळीच्या सावलीत किंवा कडब्याच्या गंजीशेजारी जाऊन बसावे. कपडे मातीच्या किंवा पानांच्या रंगाचे असावेत. सूर्य पाठीमागे घ्यावा, म्हणजे पाखराच्या अंगावर उजेड पडतो. मग वाट पाहावी. पहिली पंधरा मिनिटे फार जड जातात. पाय अवघडतो, कानाशी डास गुणगुणतो, आणि एकही पाखरू जवळ येत नाही. त्यानंतर मात्र सभोवतालचे जग आपल्याला हळूहळू विसरू लागते. तारेवर वेडा राघू येऊन बसतो, हवेत झेप घेतो, माशी पकडून पुन्हा त्याच जागी येतो. त्याची ही सवय ध्यानात आली की कॅमेरा आधीच त्या जागेवर रोखून ठेवता येतो. चंडोल गात गात उंच चढतो आणि दगडासारखा खाली येतो. हे डोळ्यांना दिसते तोच संपते. पण सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटणारा कॅमेरा त्या भरारीतले एकेक पीस वेगळे दाखवितो. पाखराचा डोळा चित्रात स्वच्छ आला पाहिजे, असे जाणकार सांगतात. डोळा धूसर असेल तर बाकीचे चित्र कितीही सुरेख असो, ते पाखरू जिवंत वाटत नाही.

लांबचे टिपणारी भिंगे महाग असतात, ही गोष्ट खरी. परंतु दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावूनही ओळख पटण्याजोगे चित्र घेता येते. निरखून पाहण्याची सवय नसेल, तर महागडे भिंगही काही कामाचे नाही. याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, हंसांची एक रांग रंगविलेली आहे. कोणी मान वळविली आहे, कोणी वाकविली आहे. एकाची ढब दुसऱ्यात नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराजवळ कॅमेरा नव्हता, पण कुठल्याशा पाणथळीकाठी तो पुष्कळ वेळ बसला असला पाहिजे.

या बसण्यामुळेच दमलेल्या माणसाला हा छंद विश्रांती देतो. परीक्षेची काळजी, दुकानातला हिशेब, घरातली कुरबुर यांना त्या तासाभरात मनात शिरायला जागाच उरत नाही, कारण मन सगळे त्या तारेवरच्या राघूवर असते. मात्र हीच विश्रांती कधी कधी हावेत बदलते. आणखी जवळून हवे, आणखी मोठे हवे, दुसऱ्याजवळ नाही असे हवे, असे वाटू लागले की पाखराचे हाल सुरू होतात.

टिटवीचेच पाहा. टिटवीने ठरविले तर ती समुद्रही आटविते, अशी म्हण आहे. ती घरटे बांधीत नाही. उन्हाळ्यात उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध, बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, त्यावर काळपट ठिपके. पाय पडेपर्यंत दिसणार नाहीत. माणूस जवळ आला की नर-मादी डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करतात. नवशिक्या छायाचित्रकाराला वाटते, काय सुंदर संधी आली! तो तिथेच बैठक मारतो. टिटवी ओरडते आहे, तो चित्रे घेतो आहे. पण मराठवाड्यातला मे महिना म्हणजे काय, हे तेथील मुलांना सांगायला नको. पारा ४० अंशांच्या वर असतो. अशा उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून आणते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. छायाचित्रकार तिथे बसून राहिला तर तेवढा वेळ अंडी उघडी पडतात, आणि आतला जीव उन्हाने मरतो. शिवाय तिचा आक्रोश कावळ्यालाही ऐकू जातो. उत्तम चित्र मिळते आणि चार पिले जातात. असे चित्र बंदुकीच्या छर्ऱ्याहून काय निराळे?

म्हणून जाणते छायाचित्रकार अंड्यांवर बसलेल्या पाखराच्या वाटेला जात नाहीत. घरटे नीट दिसावे म्हणून भोवतीची फांदी तोडीत नाहीत, आणि पाखराला बोलाविण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवीत नाहीत; कारण आपल्या हद्दीत कोणी परका आला असे समजून ते बिचारे खाणेपिणे सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधीत फिरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर पाखरांची अंडी किंवा घरटी यांना हात लावणे गुन्हा ठरविले आहे.

बिडकीनहून पैठणकडे गेले की नाथसागर लागतो. गोदावरीवरील जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, आणि त्याच्या पाण्याला संत एकनाथांवरून हे नाव मिळाले. १९८६ साली हा सुमारे ३४१ चौरस किलोमीटरांचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो, आणि तेथे दूरदूरचे पाहुणे उतरतात. केशरी अंगाचे चक्रवाक येतात, पसरट चोचीचे थापटे येतात, लांब पायांचे रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चरतात. मस्तकावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. त्याला ७,००० मीटरांहूनही अधिक उंचीवरून उडताना शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. मंगोलियात काही हंसांच्या मानेत अंक लिहिलेली पट्टी अडकवितात. भारतातील हौशी लोकांनी घेतलेल्या छायाचित्रांत असे अंक वाचता आले, आणि कुठला हंस कुठे पोहोचला हे कळले. पूर्वी हे जाणण्यासाठी पाखरू हाती धरावे लागे किंवा मारावे लागे. आता पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाला नुसते दुरून टिपले की पुरते.

अशा साध्या चित्रांची किंमत बिडकीनच्या माळावर अधिक आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ‘ऑरिक’ नावाच्या नव्या औद्योगिक नगरीसाठी शेंद्रा आणि बिडकीन येथील हजारो एकर जमीन घेण्यात आली आहे. रुंद रस्ते झाले, दिव्यांचे खांब उभे राहिले, कारखाने येत आहेत. त्यांतून अनेकांना काम मिळेल आणि ते मिळायलाही हवे. पण चंडोल, टिटवी, नीलपंख ही मोकळ्या रानाची पाखरे झाडांच्या बागेत किंवा इमारतीच्या वळचणीला राहत नाहीत. माळ गेला की ती निमूटपणे निघून जातात. ती कधी गेली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यासाठी सुमारे ३०,००० पक्षी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी उपयोगी पडल्या. शास्त्रज्ञांच्या नोंदी त्यांत थोड्या. बहुतेक नोंदी शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार अशा हौशी माणसांच्या. शेतातल्या तारेवर दिसणारा, सर्वांच्या ओळखीचा नीलपंख कमी होत चालला आहे, हे त्या अहवालातून स्पष्ट झाले.

मात्र नुसत्या चित्राला साक्षीची किंमत येत नाही. त्याच्यासोबत टिपणही हवे, आणि येथे ‘टिपणे’चे दोन अर्थ एकत्र येतात. तारीख, वेळ, गावाचे आणि शिवाराचे नाव, पाखरे किती होती, काय करीत होती, एवढे वहीत लिहिले म्हणजे झाले. ‘चंडोल, दोन, हरभऱ्याच्या बांधावर, सकाळी साडेसात, एक गात होता.’ एवढी एक ओळ पुरे. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच बांधावर, त्याच वेळी पुन्हा जाऊन बसावे. आणि तासभर वाट पाहूनही बांध रिकामाच राहिला, तर त्याचेही चित्र घ्यावे, व वहीत तारीख घालून लिहावे: ‘चंडोल नाही.’