जुनी पिकअप घेताना

बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात मोजतो. खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मगच पैसे मोजतो. नुसती रंगवलेली शिंगे पाहून कोणी बैल घेत नाही.

मग जुनी गाडी घेताना नुसता रंग का पाहावा?

आमच्या गावातल्या दोघा भावांचे असेच झाले. मंडईला भाजी न्यायला त्यांनी जुनी डिझेल पिकअप घेतली. रंग नवा होता. टायर काळेभोर होते. साठवलेले पैसे दिले. कमी पडले म्हणून थोरल्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या. तीन महिन्यांनी कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसे आली. आधीच्या मालकाने हप्ते थकवले होते. माणसे गाडी घेऊन गेली. पाटल्या गेल्या आणि गाडीही गेली. कर्जाची नोंद आरसीवर होती. पण ती कोणी वाचलीच नव्हती.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा गाडी आधी वाचावी, मग घ्यावी.

आधी कागद

आरसी म्हणजे जणू गाडीचा सातबारा. तिच्यावर मालकाचे नाव असते. गाडी कोणत्या वर्षी बनली ते असते. विकणारा तोच मालक आहे का, ते पाहावे. सातबाऱ्यावर बोजा असतो, तसा आरसीवरही असतो. गाडीवाले त्याला 'एचपी' म्हणतात. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि त्याच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म मागावा. बोजा उतरल्याशिवाय पुरे पैसे देऊ नयेत.

विमा, पीयूसी आणि फिटनेस यांच्या तारखा वाचाव्या. मालाची गाडी ८ वर्षांची झाली, की फिटनेस दर वर्षी करावे लागते. सरकारच्या 'एमपरिवहन' या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर घालून माहिती ताडून पाहावी. दंडाची थकलेली चलने आहेत का, तेही विचारावे.

मग चासी नंबर

गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. त्यात अक्षरे आणि आकडे मिळून १७ खुणा असतात. चिखल पुसा. नंबरावर कागद धरा. वरून पेन्सिल आडवी घासा. नंबर कागदावर उमटतो. तो आरसीशी एकेक खूण लावून जुळवा. इंग्रजी अक्षरे येत नसली तरी आकार जुळवता येतो. एक जरी खूण चुकली, किंवा नंबर खरवडलेला दिसला, तर ती गाडी घेऊ नये.

इंजिन थंड असताना

गाडी पाहायला सकाळी जावे. "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका," असे आदल्या दिवशी सांगावे. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर का, ते विचारावे. गरम इंजिन लवकर चालू होते आणि दोष झाकते.

ऑइलची पट्टी काढून पाहावी. डिझेल गाडीचे ऑइल काळे असते. त्याला घाबरू नये. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे.

आता गाडी चालू करा आणि धूर पाहा. काळा धूर फार निघाला, तर डिझेल नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ निघतो. तो थांबलाच नाही तर संशय घ्यावा. मग गाडी चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करा. आतून भसाभस धूर आला, तर इंजिन आतून झिजले आहे. असे इंजिन बांधायला मोठा खर्च येतो. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर येते.

खाली वाकून पाहा

पिकअपने आयुष्यभर ओझे वाहिलेले असते. म्हणून सांगाड्याला तडा, गंज किंवा नवे वेल्डिंग आहे का ते पाहा. पाटे तुटलेले नाहीत ना? टायर एकाच बाजूने झिजले आहेत का? रिकामी गाडी कशीही पळते. म्हणून थोडा माल भरून चढावर चालवा. गिअर सुटतो का, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते कळते. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको.

शेवटी व्यवहार

पैसे बँकेतून द्यावे. पावती घ्यावी. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्याव्या. कोऱ्या कागदावर आपण सही करू नये. गाडी ३० दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. विमा नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यावा. मन साशंक असेल तर 'नको' म्हणायला लाजू नये.

ते दोघे भाऊ आता आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. गेल्या वर्षी त्यांनी पुन्हा पिकअप घेतली. या वेळी थोरला स्वतः गाडीखाली वाकला. त्याच्या हातात वर्गातलीच पेन्सिल होती.

प्रश्न
१. आरसीवर बोजा असेल तर काय मागावे?
२. गाडी सकाळी थंड असतानाच का पाहावी?
३. आपल्या गावातल्या एखाद्या गाडीची आरसी मागून घ्या आणि मोठ्याने वाचा.