आधी घरच्या हिशोबावर चालव

अगं, नव्या लॅपटॉपवरचा मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा फुकट महिना संपला, फाइल उघडते पण काही बदलता येत नाही, म्हणून एवढी रडकुंडीला येऊ नकोस. त्याच कामाचं लिबरऑफिस उतरवून बघ. फुकट आहे, पण चोरीचं नाही. २०१० साली ओपनऑफिसवर काम करणारी बरीच मंडळी वेगळी झाली, 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' उभं केलं, तेव्हापासून ते चालू आहे. वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात, आणि हल्ली वर्ष-महिना आकड्यातच असतो. २४.८ म्हणजे ऑगस्ट २०२४ ची. आवृत्ती नवी आली की त्याच दिवशी धावायचं नाही. त्यापुढचा छोटा आकडा दोन-तीनवर जाऊ दे, तोवर सुरुवातीच्या बऱ्याच खोड्या निस्तरलेल्या असतात. आणि घ्यायचं ते त्यांच्याच लिबरऑफिस डॉट ऑर्ग या साइटवरून, दुसऱ्या कुठल्या 'फ्री डाउनलोड'च्या हिरव्या बटणावरून नाही.

आता खरी गोष्ट. कोऱ्या पानावर 'नमस्कार' टाइप करून काही कळत नाही गं. कोऱ्या पानावर सगळंच छान दिसतं. तुझ्याकडची सगळ्यात गुंतागुंतीची फाइल काढ, ती सोसायटीच्या मेंटेनन्सची किंवा भिशीची, तिची प्रत कर आणि प्रतच उघड. बेरजा जुळतात का, तारखा उलट्यासुलट्या झाल्यात का, छापताना शेवटचा कॉलम दुसऱ्या पानावर पळतो का, एवढं बघ. ऑफिसचा पगारपत्रक वगैरे डेटा मात्र यासाठी घरी आणायचा नाही. शिकण्यासाठीसुद्धा नाही.

मराठी मजकूर असेल तर सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर जाऊन मराठी निवड. इथे देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. स्टाइलमध्ये एकच बदललास तर दुसरा तसाच राहतो आणि उगाच डोकं फिरतं. सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलीत अक्षरांची रांगोळी दिसली, तर नव्या सॉफ्टवेअरला बोल लावू नकोस. तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. आणि हो, लाखाचे स्वल्पविराम! आकड्यांच्या फॉरमॅटमध्ये इंग्रजी (भारत) निवडलंस की १२,३४,५६७ असंच दिसतं. मला तर एवढ्यावरूनच ते आवडलं.

मेनू अनोळखी वाटला तर 'व्ह्यू'मध्ये जाऊन टॅबवाली मांडणी निवड, एक्सेलसारखी वरची पट्टी येईल.

फसायला होतं ते नव्या सोयींमुळे. २४.८ पासून इथे यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं एक्सलुकअप हे सूत्र आलं. वापरायला सुरेख, व्हीलुकअपसारखे कॉलम मोजत बसायला नको. पण तुझ्या ऑफिसात एक्सेल २०१६ आहे, आणि हे सूत्र २०१९ पर्यंतच्या एक्सेलमध्ये नाहीच. तिथे सूत्र पुन्हा चालवलं की उत्तराच्या जागी 'नेम'ची चूक येणार, आणि साहेब तुझ्याकडे बघणार. म्हणून जी फाइल ऑफिसला जाणार तिच्यात व्हीलुकअपच ठेव. ती एक्सेलच्या एक्सएलएसएक्स प्रकारातच सेव्ह कर आणि एकदा ऑफिसच्या मशिनवर उघडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नकोस. मॅक्रोवाल्या फाइली तर इकडून तिकडे नेऊच नकोस. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफ कर, वाद मिटला. स्वतःच्या घरच्या हिशोबाला मात्र खुशाल ओडीएस वापर, तो लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार.

घरात कोणीतरी 'रात्री काय खेळत बसलीस' म्हणेलच. म्हणू दे.

आणि ऑफिसात एवढ्यात कोणाला सांगू नकोस गं. एकदा कळलं की सगळ्यांचे कॉम्प्युटर तुझ्याच गळ्यात पडतील.