मानसोपचाराची सुलभता : अंतर, खर्च आणि भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• मानसोपचार लोकांपर्यंत पोहोचण्यातील अडथळे सांगता येतील.
• गोवा व अमरावती येथील प्रयोगांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• या सेवेतील बोलीचे महत्त्व विशद करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ताप आला तर आपण दवाखाना गाठतो. मन खचले तर मात्र बहुधा गप्प बसतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की निरनिराळ्या मनोविकारांतील 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. गरज आणि प्रत्यक्ष उपचार यांतील या तफावतीस ‘उपचार-दरी’ म्हणतात. ती का पडते व कशी कमी करता येते, हे या घटकात पाहावयाचे आहे.

1. उपचार-दरीची कारणे

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा उदाहरणादाखल घेऊ. गोंदिया शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु सालेकसा किंवा देवरी तालुक्याच्या जंगलभागातील एखाद्या मजूर स्त्रीच्या दृष्टीने विचार करा. समुपदेशन एका भेटीत संपत नाही. सहा-आठ वेळा यावे लागते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत प्रत्येक फेरीला तिची एका दिवसाची मजुरी बुडते. प्रवासाचा खर्च वेगळा, आणि सोबत कोणी आले तर त्याचीही मजुरी जाते. म्हणजे उपचार विनामूल्य असूनही तिला तो परवडत नाही.

याखेरीज तज्ज्ञांची संख्या थोडी असून ते बहुतांशी शहरांत आहेत. ‘वेड लागले’ असा शिक्का बसण्याची धास्ती असते. शिवाय आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगावे, हाही प्रश्न असतोच.

2. गोव्यातील प्रयोग

‘संगत’ ही गोव्यातील संस्था 1996 मध्ये स्थापन झाली. डॉ. विक्रम पटेल हे तिचे एक संस्थापक. तज्ज्ञ अपुरे असतील तर त्यांच्या कामाचा काही भाग प्रशिक्षित सामान्य व्यक्तींना करता येईल काय, असा प्रश्न या संस्थेने हाती घेतला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले व त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवण्यात आली.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. नैराश्यात माणूस कामे सोडतो, माणसांना टाळतो. त्यामुळे आनंदाचे प्रसंग घटतात आणि नैराश्य अधिकच वाढते. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशक रुग्णासह छोटी, झेपतील अशी कामे ठरवतो आणि अडचणींवर मार्ग शोधतो. मनाला उभारी येण्याची वाट न पाहता कृतीला आरंभ करणे, हे या पद्धतीचे सूत्र होय.

10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 रुग्णांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ केंद्रातील डॉक्टरांचे सुधारित उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

3. विदर्भातील अनुभव

अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची चढती रचना होती. साधा ताण गावातच हाताळावा, गंभीर रुग्ण वर पाठवावा, हे त्यामागील तत्त्व. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी 4.3 टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण 27.2 टक्के आढळले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मात्र निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावे.

4. बोलीचे स्थान

भाषेच्या अभ्यासकांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. ‘मला नैराश्य आले आहे’ असे गावात क्वचितच कोणी म्हणते. ‘जीव लागत नाही’, ‘डोकं जड झालं’, ‘टेन्शन आहे’ असे म्हटले जाते. झिंबाब्वेतील ‘फ्रेंडशिप बेंच’ या उपक्रमात प्रशिक्षित आजीबाई दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून लोकांचे ऐकून घेतात. तेथे ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे ‘अतिविचार’ हा शोना भाषेतील रूढ शब्दच वापरला जातो. गोंदियात मराठीसोबत हिंदी, पोवारी व गोंडी बोलली जाते. ज्या भाषेत माणूस रडतो, त्या भाषेत ऐकून घेणारे कोणी नसेल, तर केंद्र जवळ असूनही दूरच राहते.

5. हक्क, सुविधा आणि मर्यादा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याच्या कलम 18 नुसार शासकीय किंवा शासन-अनुदानित मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. हा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आला. ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. मराठीतूनही संवाद साधता येतो.

तथापि सामान्य समुपदेशक तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा तीव्र आजार दिसताच रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवणे अनिवार्य ठरते. त्याचप्रमाणे, गाव लहान असते तेथे गोपनीयता अधिक काटेकोरपणे पाळावी लागते. एकदा विश्वास तुटला, की पुढचा माणूस येतच नाही.

सारांश

उपचार-दरी केवळ तज्ज्ञांच्या अभावाने पडत नाही. बुडणारी मजुरी, लोकापवाद आणि परकी भाषा हीही तिची कारणे आहेत. प्रशिक्षण, देखरेख आणि तज्ज्ञांचा आधार असल्यास सामान्य माणसेही ती कमी करू शकतात, असे गोव्याच्या अभ्यासातून दिसते; अमरावतीचा अनुभवही त्याच दिशेचा आहे.

स्वाध्याय

1. उपचार विनामूल्य असूनही तो परवडत नाही, असे का म्हटले आहे?
2. गोव्यातील समुपदेशन पद्धतीचे सूत्र सोदाहरण स्पष्ट करा.

उपक्रम

मनाची अस्वस्थता व्यक्त करणारे आपल्या बोलीतील दहा शब्दप्रयोग, कोणाचाही खासगी अनुभव न नोंदवता, अर्थासह लिहा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशन कोणत्या दिवशी मिळते, याचीही चौकशी करा आणि मिळालेली माहिती शेजाऱ्यांना सांगा.