दक्षिणद्वाराचे पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीक्षेत्र नृसिंहवाडी म्हणजे आपली वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांनी बारा वर्षे वास केला आणि गाणगापुरास निघताना औदुंबरातळी मनोहर पादुका ठेवल्या. त्यांच्या पूजेचा मान भैरंभटांना मिळाला आणि त्यांच्याच वंशाचा विस्तार होऊन पुजारी मंडळींची घरे वाढली, असे परंपरा सांगते. म्हणजे सेवेसाठी माणसे नदीकाठी राहिली, आणि काठाला राहिली म्हणून पूरही त्यांच्याच वाट्याला आला.

पावसाळ्यात कृष्णामाई चढली की पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हेच दक्षिणद्वार. ते स्नान घडावे म्हणून भक्त रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामी मंदिरात नेतात. पूजेत खंड पडत नाही.

मी नोकरीभर बँकेत खतावण्या लिहिल्या. जमेची बाजू दाखवायची आणि नावेची झाकायची, असं तिथे चालत नाही. 2019 च्या ऑगस्टात हेच पाणी घराघरांत शिरले. 2005 आणि 2021 लाही महापूर आला. आपल्याला पुण्य मिळाले, वाडीकरांच्या माजघरात गाळ राहिला.

मग यात गुरूंची शिकवण कोणती? गुरुचरित्राच्या 18 व्या अध्यायातला घेवड्याचा वेल आठवा. पलीकडच्या अमरापुरात एका गरीब ब्राह्मणाच्या घरी श्रीगुरूंनी भिक्षा घेतली आणि जाताना दारचा वेल उपटला. त्या घरच्या बाईने आक्रोश केला. पुढे वेलाच्या मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडला. आपण नेमके काय करतो? दुसऱ्याचा वेल गेला की 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होतो. पण श्रीगुरूंनी वेल उपटला, तसा कुंभही त्यांनीच दिला. नुसते सांत्वन करून ते निघून गेले नाहीत.

तेव्हा दत्तजयंतीनिमित्त एवढेच सुचवतो. दक्षिणद्वाराचे स्नान जरूर करा. पण पाणी ओसरल्यावरही एकदा वाडीला जा. कुणाच्या अंगणातला गाळ काढू लागा, जमेल तसे अन्नदान करा. निदान तिथल्या दुकानातून पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी तरी घ्या. पूर सोसून माणसं वाडीत टिकली, तरच पादुकांपुढचा दिवा लागत राहील.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥