तिसरा हत्ती

वाईहून मे महिन्याच्या सुट्टीसाठी आम्ही मामांकडे परळला आलो, ते साल होते २०१८. मी नुकतीच सहावीची परीक्षा दिली होती आणि माझा धाकटा भाऊ बापू सात वर्षांचा होता. गाडीत बसवून देताना आईने मला एकच गोष्ट तीनदा बजावली होती, "गर्दीत त्याचा हात सोडू नकोस."

मामा मोठे हौशी गृहस्थ. कोणताही विषय निघो, त्यातले त्यांना काही ठाऊक नाही, असे कधी घडले नाही. राणीच्या बागेत जायचे ठरले, त्या दिवशी सकाळीच त्यांनी मामींना लोकरीचे स्वेटर काढायला लावले.

"अहो, घामाच्या धारा लागल्या आहेत आणि स्वेटर कसले काढता?" मामींनी विचारले.

"तिथे पेंग्विन आहेत. पेंग्विन म्हणजे बर्फ! पोरांना सर्दी झाली, तर त्यांच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मामींनी कपाळाला हात लावला आणि डबा भरून दिला. आम्ही तिघेही कमरेला स्वेटर बांधून निघालो. भायखळा स्टेशनपासून बागेच्या दारापर्यंत लोक आमच्याकडेच पाहत होते. खरे प्राणी अद्याप पुढेच होते.

दाराजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. मामा त्याच्यापुढे थांबले आणि त्यांनी घसा साफ केला. "हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले, तेव्हा त्यांना हा दिसला आणि त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. पुढे १८६४ साली इंग्रजांनी याला विलायतेला न्यायचे ठरवले. पण उचलताना यंत्र मोडले, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे इकडे आणले आणि जोडून याला पुन्हा उभे केले."

बापू बराच वेळ हत्तीच्या पायांकडे पाहत राहिला. मग त्याने हळूच विचारले, "मामा, म्हणजे हा इथे हरवलाय का?"

मामांना या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही. "चला, आता खरे हत्ती पाहू," असे म्हणून ते पुढे झाले.

खरे हत्ती दोन होते, लक्ष्मी आणि अनारकली. दोघीही सोंडेने माती उचलून आपल्याच पाठीवर उडवत होत्या. हत्ती अंगावर धूळ घेतो, ती उन्हापासून व माश्यांपासून कातडीचा बचाव व्हावा म्हणून. हे मामांनी सांगितले आणि ते खरेही होते. त्यामुळे त्यांचा उत्साह दुणावला व ते आम्हांला घेऊन पाणघोड्याकडे निघाले.

पाणघोडा नाकपुड्यांपर्यंत पाण्यात बुडून पडला होता. "पाहा, किती शांत आणि सभ्य प्राणी!" मामा कठड्यावरून वाकून म्हणाले. तो सभ्य प्राणी सावकाश उठला, त्याने आमच्याकडे पाठ केली आणि आखूड शेपटी पंख्यासारखी गरगर फिरवू लागला. पाणघोडा शेण टाकतो, ते असे चहूकडे उडवून. मामांना ही एवढी एकच गोष्ट ठाऊक नसावी. त्यांचा पांढरा सदरा क्षणात छापील झाला. बापू हसता हसता खालीच बसला.

पेंग्विन पाहण्यासाठी भली मोठी रांग होती. रांगेत उभे असताना मामांनी आम्हांला सक्त ताकीद दिली, "चुकामूक झाली, तर सैरावैरा धावायचे नाही. हत्तीपाशी जाऊन उभे राहायचे."

आत काचेमागे पेंग्विन डुलत डुलत चालत होते. २०१६ साली ते दक्षिण कोरियातील सोल शहरातून मुंबईत आणले गेले. जातीचे नाव हम्बोल्ट. यांचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पेरू व चिली या देशांचा किनारा. तो किनारा खडकाळ आणि बराचसा वाळवंटी आहे. तेथे समुद्राचा प्रवाह थंड असतो, बर्फ नसते. इथेही त्यांच्यासाठी १६ ते १८ अंश तापमान राखलेले होते. ही माहिती मी मामांच्या कानावर घातली, तेव्हा ते आपल्या स्वेटरची गाठ उगाच घट्ट करू लागले.

तेवढ्यात एका पेंग्विनने पाण्यात सूर मारला आणि तो बाणासारखा काचेजवळून गेला. मी दोन्ही हातांनी काच धरली. वळून पाहते, तो बापू शेजारी नाही!

मी त्याला मोठ्याने हाका मारल्या. त्या गर्दीत कितीतरी मुले होती, पण आमचा बापू नव्हता. मामांचा चेहरा पार उतरला. आम्ही धावत हत्तींकडे गेलो. लक्ष्मी चारा खात होती, अनारकली धूळ उडवत होती. बापू कोठेच नव्हता.

आम्ही थांबलो. पंधरा मिनिटे झाली, अर्धा तास झाला. मामा एक शब्दही बोलत नव्हते आणि त्याचीच मला अधिक भीती वाटू लागली. आईचे शब्द कानांत घुमत होते. हात मीच सोडला होता. मामांनी मला दोष दिला असता, तर बरे वाटले असते. पण ते नुसते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

शेवटी हत्तींच्या माहुताने आम्हांला विचारले. मामांनी रडवेल्या आवाजात सगळे सांगितले. माहूत क्षणभर विचार करून म्हणाला, "पण साहेब, पोराला हत्ती म्हणून सांगितलं, ते कोणता हत्ती? इथे आणखी एक आहे. तो चारा खात नाही, एवढंच."

मामा इतके धावू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

दगडी हत्तीच्या सावलीत, स्वेटरची उशी करून, बापू गाढ झोपला होता. शेजारी एक रखवालदार बसून राखण करीत होता. बापूला फक्त वाईच्या घरचा फोन पाठ होता आणि आई त्या वेळी शेजारी पापड लाटायला गेली असल्याने तो कोणी उचलला नव्हता. मी त्याला कवटाळले. डोळे चोळत तो रागानेच म्हणाला, "किती वेळ झाला! तुम्ही दोघं कुठे हरवला होतात?"

स्वेटरचा तेवढा उपयोग झाला, हे मात्र मामांनी घरी जाताच मामींना ऐकवले. "आणि पुढच्या वेळी हत्तीची भानगडच नको," ते म्हणाले. "सरळ काळ्या घोड्यापाशी भेटायचे."

मामी पोळी लाटता लाटता थांबल्या. "कोणत्या काळ्या घोड्यापाशी? १९६५ साली उचलून राणीच्या बागेत ठेवला त्या, की २०१७ साली फोर्टात नवा उभा केला त्या?"