विंचू, हृदय आणि छातीचा फोटो

पाचट उचलताना लाल विंचू चावला, तर आपण फक्त ठणक्याकडे बघतो. खरा घाव हृदयाच्या स्नायूवर बसतो. आपल्या रायगडातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी हे ओळखले आणि १९८६ मध्ये प्राझोसीन या गोळीचा गुण जगापुढे मांडला.

दुबळे झालेले हृदय रक्त पुढे ढकलीना, की फुफ्फुसात पाणी साठते. एक्सरे फोटोत फुफ्फुसे पांढुरकी दिसतात. हृदयाची सावली छातीच्या निम्म्या रुंदीहून मोठी दिसली, तर डॉक्टर सावध होतात. पण फोटो साफ आला म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

दरदरून घाम, उलटी, गार हातपाय दिसले, की मंत्रतंत्रात वेळ घालवू नये. फोटोसाठीही न थांबता आपण तडक दवाखाना गाठावा.