चुकीच्या उत्तरामागचा विचार

घरात चार-पाच वर्षांचे भावंड असेल, तर एक सोपा प्रयोग करून पाहा. काचेच्या दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घ्या. ‘दोन्हींत पाणी सारखे आहे ना?’ असे विचारून त्याचा होकार घ्या. मग त्याच्यादेखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता आणि विचारा, ‘आता जास्त पाणी कशात?’ बहुधा ते उंच पेल्याकडे बोट दाखवील. तुम्हाला हसू येईल. पण त्याला ‘ढ’ म्हणू नका.

१९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना जाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस शास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेच्या चुका करतात. म्हणजे या चुकांमागे विचाराची काही रीत असली पाहिजे. पुढे त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचेही बारकाईने निरीक्षण केले आणि विचारांच्या वाढीचे चार टप्पे मांडले.

पहिली दोन वर्षे मूल पाहून, हाताळून, तोंडात घालून जग ओळखते. दोन ते सात या वयात ते शब्द वापरते, काड्यापेटीची आगगाडी करते. परंतु एका वेळी एकाच गोष्टीकडे पाहते. पाण्याची उंची त्याला दिसते, पेल्याची रुंदी निसटते. सात ते अकरा या काळात ‘पाणी परत ओतले तर पहिल्याइतकेच भरेल’ असा उलटा विचार मनातल्या मनात करता येतो. त्यानंतर केवळ कल्पनेतल्या शक्यताही तपासता येतात. लंबकाचा झोका दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो की गोळ्याच्या वजनावर? एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या कायम ठेवायच्या, ही युक्ती या वयात सुचू लागते.

मात्र ही वये काटेकोर नव्हेत. १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल व डोनाल्डसन या ब्रिटिश संशोधकांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून एक रांग खेळण्यातल्या ‘खोडकर’ अस्वलाकडून विस्कटवली. तेव्हा ‘सोंगट्या तेवढ्याच आहेत’ असे सांगणारी लहान मुले कितीतरी जास्त निघाली! मोठ्या माणसाने मुद्दाम बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले उत्तरही बदलायला हवे, असे मुलाला वाटत असावे.

तेव्हा चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारण्यापूर्वी एवढेच विचारा : ‘तुला असे का वाटले?’